आधी नेम, मग टाक

प्रश्न विचारणारी मुलगी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मित्राने तिला ‘बाकुमान’ या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मालिकेचा पहिला खंड वाचायला दिला आणि तिने तो एका रात्रीत संपवला. दोन शाळकरी मुलं मिळून कॉमिक्सकार व्हायचं ठरवतात, एक लिहिणारा आणि एक काढणारा, अशी ती गोष्ट. हिचंही तसंच चाललंय: ही काढते, मैत्रीण लिहिते. तर यातलं खरं किती, फिल्मी किती, आणि उरलेल्या १९ खंडांवर पैसे घालावेत का?

मी चोवीस वर्षं चित्रकथा काढते आहे. मुलांची मासिकं, दिवाळी अंक, आणि मधल्या काळात घर चालवायला जाहिरातींचे स्टोरीबोर्ड. मांगा काढत नाही, पण मांगा बघून बरंच शिकले. तेव्हा हे उत्तर समीक्षकाचं नाही, एकाच धंद्यातल्या दुसऱ्या बाईचं आहे असं समज. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. मोरिताका माशिरो हा चौदा वर्षांचा मुलगा, आपल्याकडच्या नववीतला म्हणा. हात चांगला आहे, पण आयुष्यात काय करायचं याचा पत्ता नाही. वर्गातल्या मिहो आझुकीचं चित्र त्याने वहीत काढलेलं असतं. ती वही वर्गातच विसरते. परत आणायला जातो तर वर्गात पहिला येणारा आकितो ताकागी ती हातात घेऊन बसलेला. वही देण्याआधी ताकागी एकच गोष्ट मागतो, माझ्याबरोबर मांगा कर. मिहोला व्हायचं असतं ॲनिमेमधली, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधली, आवाजाची कलाकार. पुढच्या काही पानांत माशिरो तिच्या दारात उभा राहून चक्क लग्नाची मागणी घालतो: आमच्या मांगावर ॲनिमे झाला, त्यातल्या नायिकेला तू आवाज दिलास, की लग्न. ती हो म्हणते. आणि वर अट घालते की तोवर भेटायचं नाही.

इथे मी पुस्तक मिटलं होतं. २०१० मध्ये इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड आला तेव्हाची गोष्ट. मनात म्हटलं, हे आपलं नाही. दारात उभं राहून आयुष्यभराचं वचन द्यायचं आणि मग वीस खंड एकमेकांचं तोंड बघायचं नाही, हे व्रत-वैकल्याच्या कहाणीत शोभतं. तीन-चार दिवसांनी पुस्तक परत करायचं म्हणून चाळत होते, तेव्हा पानांच्या मध्ये एक वेगळाच प्रकार दिसला. आधी लेखकाने काढलेलं कच्चं पान, मग चित्रकाराने त्यावरून पुन्हा काढलेलं कच्चं पान, आणि मग छापलेलं पक्कं. मी तिथेच खाली बसले. पुस्तक परत गेलं नाही.

तुझ्या खंडातही ती पानं आहेत. एका रात्रीत वाचलंस म्हणजे नक्की उलटून गेली असशील. आधी ती काढ.

या कच्च्या पानाला जपानी लोक ‘नेम’ म्हणतात. इंग्रजीतलाच शब्द, पण तिथे त्याचा अर्थ झाला चौकटी, संवादाचे फुगे, त्यातला मजकूर आणि कोण कुठे उभं आहे याचा पूर्ण कच्चा आराखडा. आपल्याकडे या शब्दाला आधीच घर आहे. नेम धरायचा असतो, नेम पाळायचा असतो, आणि ‘त्याचा काही नेम नाही’ असंही आपण म्हणतो. तिन्ही अर्थ या कच्च्या पानाला चपखल लागू पडतात, त्यामुळे मी कित्येक वर्षं घरात ‘थंबनेल’ न म्हणता नेमच म्हणते.

मालिकेचे लेखक त्सुगुमी ओबा. हे टोपणनाव, खरी ओळख त्यांनी जाहीर केलेली नाही. चित्रकार ताकेशी ओबाता. ‘डेथ नोट’ याच जोडीचं, २००३ ते २००६. ‘बाकुमान’ २००८ च्या ऑगस्टपासून २०१२ च्या एप्रिलपर्यंत ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात चालली, १७६ प्रकरणं. ओबांचा नेम बघितलास तर माणसं अगदी साधी, पोरांनी वहीच्या मागच्या पानावर काढावी तशी. पण कोण आधी बोलतं, कुठल्या चौकटीत कोणी गप्प आहे, पान उलटल्यावर काय दिसणार, हे सगळं तिथे ठरलेलं असतं. ओबाता ते पान घेतात आणि संवाद जवळपास तसेच ठेवून दिग्दर्शन बदलतात. एक चौकट फुगवतात, दुसरी चिंचोळी करतात, समोरून दिसणारा चेहरा खालून बघतात. पक्क्या पानात शाई आणि तपशील येतात, पण वाचकाचा डोळा कुठून कुठे जाणार याचा फैसला तोवर होऊन गेलेला असतो.

मी त्या पानांवर एक उद्योग केला होता, तो तूही करून बघ. पक्कं पान आणि चित्रकाराचा नेम, दोन्ही कागदाने झाकायचे. फक्त लेखकाचा नेम समोर ठेवून स्वतःचा नेम काढायचा. मग कागद काढून ताडून बघायचं. पहिल्या वेळी माझ्या सगळ्या चौकटी सारख्या आकाराच्या आल्या होत्या, बाकावर बसवलेल्या मुलांसारख्या. ओबातांनी ज्या क्षणाला पाव पान दिलं होतं त्याला मी काडेपेटीएवढी जागा दिली होती. चित्र माझं वाईट नव्हतं. पण नेम धरायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. चार वर्षं कला महाविद्यालयात काढून स्थिरचित्र, निसर्गचित्र, अक्षरांकन, सगळं झालं होतं. पान कसं वाचलं जातं हे मात्र नाही.

म्हणून तुझ्या ‘खरं किती’चं माझं उत्तर असं: या मालिकेतला प्रेमाचा भाग कहाणी आहे, आणि टेबलावरचा भाग खरा आहे. इतका खरा की काही ठिकाणी कथा थांबवून माहितीच द्यायला लागतात. पहिला खंड बोलका आहे हे तुला जाणवलं असेलच. फुगे भरभरून, दोन पोरं खोलीत बसून सल्लामसलत करताहेत, बस्स. दुसऱ्या कोणी काढलं असतं तर रटाळ झालं असतं. ओबाता बोलणाऱ्या माणसाच्या हाताला काहीतरी काम देतात, खोली दाखवतात, म्हणून निभावतं.

खोलीवरून काकांची खोली आठवली. माझ्या मते पहिल्या खंडातला सगळ्यात चांगला प्रसंग तोच. माशिरोचा काका मांगाकार होता. त्याची एक विनोदी मालिका चालली, तिच्यावर ॲनिमेही झाला, आणि मग संपादकांनी पुढचं काही घेतलंच नाही. तो नेम काढत राहिला, ते परत येत राहिले, आणि एक दिवस तो गेला. पुतण्याच्या मनात ते मरण आत्महत्येचं म्हणून बसलंय. घरच्यांचं म्हणणं, अतिश्रमाने गेला. आजोबा त्या बंद स्टुडिओची किल्ली मुलाच्या हातात देतात. दार उघडल्यावर भिंतभर कपाटं, मांगाच्या रांगा, टाक, शाई, आणि खोकीच्या खोकी नेम. छापून न आलेले. वाचताना मी त्या खोक्यांपाशी जास्त थांबले होते. आमच्या पलंगाखाली तसं एक खोकं आहे.

काका स्वतःला कलावंत म्हणवत नाही, जुगारी म्हणवतो. ‘बाकुमान’मधल्या ‘बाकु’त ‘बाकुची’, म्हणजे जुगार, ऐकू येतो तो त्यामुळेच. अंगात अलौकिक प्रतिभा नसलेल्या माणसाला मांगाकार व्हायचं तर तीन गोष्टी लागतात, असं त्याचं सूत्र आहे: स्वतःबद्दल थोडी फाजील खात्री, मेहनत आणि नशीब. यातलं पहिलं कलाशाळेत कोणी बोलत नाही, पण ते लागतं.

आता टाकाबद्दल, कारण तू चित्रं काढतेस. पहिल्या खंडात माशिरोला कळतं की पेन्सिलीत येणारं चित्र टाकाने येत नाही. हे शंभर टक्के खरं. जपानी मांगाकारांचा मुख्य टाक म्हणजे जी-पेन: दाबलं की रेघ जाड, उचललं की बारीक. केसांना आणि पार्श्वभूमीला मारु-पेन, फार सूक्ष्म. एकसारख्या जाडीची रेघ हवी तर काबुरा. ही निबं आता आपल्याकडे ऑनलाइन मिळतात. मी सुरुवात केली तेव्हा पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात मिळेल ते निब आणि कॅम्लिनची काळी वॉटरप्रूफ शाई, एवढंच होतं. नवीन निबाला तेलाचा पातळ थर असतो. तो पुसला नाहीस तर शाई निबावर थांबतच नाही, थेंब होऊन पानावर पडते. निब दौतीत बुडवून काठाला टेकवून घ्यायचं. रेघ नेहमी स्वतःकडे ओढायची. निब पुढे ढकललंस की त्याची दोन टोकं कागदाच्या तंतूत अडकतात आणि शाईचे शिंतोडे उडतात. म्हणजे हात वळवायचा नाही, कागद फिरवायचा. खरखरीत कार्ट्रिज पेपरवर तर हे हमखास होतं. गुळगुळीत आयव्हरी कार्ड घे. पहिले दोन महिने मी फक्त समांतर रेघा मारल्या, आईला वाटायचं पोरीला काहीतरी झालंय.

आज बरेचजण थेट टॅब्लेटवर काढतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मीही रंगकाम तिथेच करते. पण चूक झाली की मागे जायचं बटण टाकाला नसतं, त्यामुळे रेघ मारायच्या आधी ठरवायची सवय लागते. निदान सहा महिने टाकाला दे.

एक गोष्ट मात्र या पानांवरून उचलू नकोस. मांगातले फुगे उभे आणि चिंचोळे असतात कारण जपानी मजकूर वरून खाली लिहिला जातो. आपली मुलं मांगा बघून तसेच फुगे काढतात आणि मग त्यात ‘विचारल्याशिवाय’ कोंबायला जातात. मराठीत एकेका शब्दाला प्रत्ययांची शेपटी असते, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणजे ओळींतही अंतर जास्त लागतं. फुगा आडवा हवा, आणि मजकूर चित्राच्या आधी लिहून बघायला हवा. पानही उजवीकडून डावीकडे लावू नकोस. काहीजण शैली म्हणून करतात. मराठी वाचक दुसऱ्या चौकटीतच परत पहिलीकडे येतो. तुझ्या लेखिका मैत्रिणीला सांग, एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांपलीकडे जायचं नाही. भांडेल. भांडू दे.

माझ्या दृष्टीने मालिकेचा गाभा संपादक हा आहे. पहिल्या खंडाच्या ओघात दोघं पहिली कथा पुरी करायला लागतात. ती झाली की प्रकाशकाच्या कचेरीत फोन करून घेऊन जातात. जपानमध्ये ही खरी प्रथा आहे. नवख्याने फोन करायचा, वेळ घ्यायची, पानं घेऊन जायचं, आणि समोरचा संपादक तिथल्या तिथे वाचून तोंडावर सांगणार. यांना भेटतो हात्तोरी नावाचा संपादक. तो पानं भराभर उलटतो, पोरांचा जीव टांगणीला, आणि मग काय जमलंय, काय नाही हे सुटंसुटं सांगतो. मुख्य म्हणजे पुढचं काम घेऊन या म्हणतो. साप्ताहिक आणि प्रकाशनसंस्था या मालिकेत खऱ्या नावांनी येतात, संपादकमंडळातली काही पात्रंही खऱ्या माणसांवर बेतलेली आहेत. ज्या साप्ताहिकाचं वाभाडं काढायचं त्याच साप्ताहिकात मालिका चालवायची, ही गंमत आहेच. वाभाडं अर्थातच बेताबेताने काढलंय.

मला हात्तोरीचा हेवा वाटला. म्हणजे तो असणाऱ्या पोरांचा. आपल्याकडे चित्रकार कमी नाहीत, कधीच नव्हते. ‘अमर चित्र कथा’ची पानं राम वाईरकरांनी उभी केली, पुण्याच्या प्रताप मुळीकांनी तिथेही काम केलं आणि पुढे हिंदीतला ‘नागराज’ही काढला. पण नेमच्या पायरीवर शेजारी बसून ‘हे पान परत’ म्हणणारा माणूस आपल्याकडे जवळजवळ नाही. संपादक मजकूर बघतो, चित्र ‘छान आलंय’ किंवा ‘जरा रंग वाढवा’.

एकदा एका मुलांच्या मासिकासाठी मी बारा पानांची कथा केली. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. अंक हातात आला तेव्हा कथा आठ पानांची होती. आयत्या वेळी जाहिराती आल्या म्हणून कोणीतरी चार पानं काढून टाकली, आणि त्यात शेवटचं पानही गेलं. मुलगा विहिरीत डोकावतो आणि ‘क्रमशः’ नसतानाही कथा संपते. दोन वाचकांची पत्रं आली, पुढे काय झालं म्हणून. मी महिनाभर धुमसत होते. खूप नंतर तीच कथा काढून मोजली तेव्हा लक्षात आलं की ती आठ पानांचीच होती. चार पानं मी नुसती डोंगर काढण्यात घालवली होती, कारण मला डोंगर छान येतात. नेम दाखवायच्या वेळी कोणी एवढं म्हटलं असतं तर मीच डोंगर काढून टाकले असते, आणि विहिरीत काय होतं ते छापून आलं असतं.

हात्तोरीही देव नाही, कारण त्याच्या डोक्यावर टपालाची कार्डं आहेत. ‘शोनेन जम्प’ सुरू झालं १९६८ मध्ये, ते वाचकांच्या मतावर चालतं. अंकासोबतच्या कार्डावर वाचकाने आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. त्या निकालावर कोण वर, कोण खाली, कोण बंद. नवी मालिका दहा-बारा आठवड्यांत गुंडाळली जाणं तिथे रोजचं आहे. नव्वदीच्या मध्यावर या साप्ताहिकाचा एक अंक ६५ लाखांवर छापला गेला होता. आकडा परत वाच. हे यंत्र एका माणसाकडून आठवड्याला साधारण १९ पानं मागतं. नेमला दोन-तीन दिवस, उरलेल्यात चित्रं, मदतनीस हाताशी घेऊन, आणि सातव्या दिवशी परत शून्यापासून. मालिकेत हे सगळं शर्यतीसारखं रंगवलंय: आमचा क्रमांक कितवा, निझुमाचा कितवा. हा एइजी निझुमा म्हणजे त्यांचा प्रतिस्पर्धी, पंधरा वर्षांचा विक्षिप्त प्रतिभावान. तो आला की पानात जान येते. वाचताना आपणही आकडे मोजायला लागतो.

आणि इथेच मी तुला थोडं सावध करते. पहिल्याच खंडात लेखकाने काकाला मारलेलं आहे, अतिश्रमाने. पुढे पोरंही त्याच वाटेने जातात, आणि मालिका त्याकडे अर्धी कौतुकाने बघते. रात्रभर जागणं, जेवण विसरणं, आजारपणात पानं पुरी करणं, हे सगळं मर्दुमकीसारखं येतं. किंमत खरी असते. ‘बर्सर्क’ या मांगाचे चित्रकार केंतारो मिउरा २०२१ मध्ये ५४ व्या वर्षी महाधमनी फाटून गेले, तीस वर्षांहून जास्त चाललेलं काम अर्धं टाकून. त्यांच्या मरणाला कोणती दगदग किती कारण होती हे मी ठरवणार नाही. पण त्या धंद्यातल्या सगळ्यांना तेव्हा एकच गोष्ट आठवली. मनगटाचं दुखणं मला बत्तिसाव्या वर्षी लागलं, मी तर आठवड्याला चार पानंही काढत नव्हते.

आता मुलींबद्दल. माशिरोची आई मांगाला नाही म्हणते आणि वडिलांना विचारते. वडिलांचा निरोप येतो तो असा की पुरुषांची म्हणून काही स्वप्नं असतात, बायकांना ती कळायची नाहीत. हे विनोदाने नाही, गंभीरपणे. ताकागी मित्राला समजावतो की मिहो खरी हुशार, कारण मुलीने मुलीसारखं गोड राहण्यात शहाणपण आहे हे तिला न शिकवता कळलंय, आणि अभ्यासात पुढे असल्याचा तोरा मिरवणारी वर्गातली दुसरी मुलगी ती मूर्ख. मी हे वाचून पुस्तक पुन्हा मिटलं होतं. (एकूण किती वेळा मिटलं ते मोजलेलं नाही.) पुढे ताकागीची मैत्रीण मियोशी येते तेव्हा जरा वारा खेळतो, पण मुलींनी टाक हातात घेतला की मालिका अवघडते हे शेवटपर्यंत राहतं. तू आणि तुझी मैत्रीण या पानांवर स्वतःला शोधायला जाल तर सापडणार नाही.

त्यासाठी तात्सुकी फुजिमोतोंचं ‘लुक बॅक’ वाच. २०२१ ला एका दमात प्रसिद्ध झालं, दीडशे पानांच्या आतलं, २०२४ मध्ये त्यावर चित्रपट आला. दोन मुली. एक शाळेच्या पत्रकात चार चौकटींच्या गमती काढते, दुसरी घराबाहेर पडत नाही पण पार्श्वभूमी अशी काढते की पहिलीची झोप उडते. चौकटीमागून चौकट आपल्याला टेबलावर वाकलेली पाठ दिसते, खिडकीबाहेर ऋतू बदलतात, आणि कोणी एक शब्द बोलत नाही. ‘बाकुमान’ने जे दोनशे फुग्यांत सांगितलं ते तिथे पाठीने सांगितलंय. गोष्ट सांगत नाही. रुमाल जवळ ठेव.

जोडीने काम करण्याबद्दल तू वेगळं विचारलं नाहीस, पण खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. दोन पोरांनी मिळून मांगा करणं ही काही ओबांची कल्पना नव्हे. ज्या ‘डोरेमॉन’वर तुझी पिढी जेवली, तो ‘फुजिको फुजिओ’ या एका नावाखाली आला, आणि त्या नावामागे दोन माणसं होती: हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको. तोयामा प्रांतातल्या ताकाओकात, शाळेत असताना दोघांची ओळख झाली. १९५४ मध्ये तोक्योला आले आणि तोकिवा-सो नावाच्या लाकडी चाळवजा इमारतीत राहिले. तेव्हाचे नामवंत मांगाकार ओसामु तेझुका तिथल्या आपल्या खोलीतून दुसरीकडे गेले तेव्हा जागा या दोघांना देऊन गेले, आणि आपलं डिपॉझिटही तसंच ठेवून गेले. मूळ इमारत १९८२ मध्ये पाडली. आता तोशिमा भागात तिची प्रतिकृती संग्रहालय म्हणून उभी आहे, २०२० पासून.

या दोघांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र फजितीची आहे. जरा नाव झालं, कामं भराभर घेतली, आणि १९५५ च्या नववर्षाला दोघं गावी गेले. घरी गेल्यावर अंग जे ढिलं पडलं ते पडलंच. तोक्योहून तारांवर तारा, पानं कुठे आहेत, पानं पाठवा. बऱ्याच मालिकांची पानं वेळेवर गेली नाहीत. त्यानंतर कितीतरी महिने संपादक त्यांच्याकडे फिरकले नाहीत. आबिकोंनी पुढे ही सगळी हकीकत आपल्या ‘मांगा मिची’मध्ये स्वतःच काढली, ‘बाकुमान’च्या कितीतरी आधी. त्यात शर्यत नाही, भूक आणि शरम आहे. दोघं १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेगळे झाले, आणि ते भांडून नव्हे.

आपल्याकडे ‘चिंटू’ १९९१ पासून प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित या दोघांच्या सहीने रोज आला. रोज म्हणजे रोज. जोडीने काय होतं, तर एकाला सुचेनासं झालं की दुसरा असतो. आणि काय बिघडतं, तर पैसे. तुम्ही दोघी आत्ताच, काहीही छापून आलेलं नसताना, एका कागदावर लिहून ठेवा: नाव कोणाचं आधी, मानधन कसं वाटायचं, पात्रांवर हक्क कोणाचा, आणि एकीला थांबायचं असेल तर दुसरीने ती पात्रं पुढे न्यायची का. हे बोलायला अवघड वाटतं, मैत्रीत कागद कशाला असं वाटतं. माझ्या जोडीदाराबरोबर मी तो कागद केला नव्हता. आता आम्ही लग्नकार्यात भेटलो तर हसतो, इतकंच. आम्ही मिळून केलेलं पात्र, एक माकड, मात्र दोघांनाही काढता येत नाही, ते तसंच पडून आहे.

आता पैसे घालावेत का. पहिले पाच-सहा खंड घ्यावेत असं माझं मत. मालिकेचा दम तिथे आहे: पहिलं बक्षीस, पहिला छापील अंक, पहिली बंद पडलेली मालिका, संपादक बदलल्यावर होणारी गळचेपी. मधले खंड स्पर्धेत जरा फिरत राहतात, ते कोणाकडून तरी मागून वाचलेस तरी चालेल. शेवट वाचायचा असेल तर वाच, तो पहिल्याच खंडात दारात उभा राहून ठरलेला आहे. ॲनिमे ७५ भागांचा आहे, तो आधी बघू नकोस. त्यात माणसं बोलतात, पान मात्र दिसत नाही, आणि तुला शिकायचंय ते पान.

पण त्याआधी दोघींनी मिळून आठ पानांचा एक नेम करा. टाक नको, रंग नको, पेन्सिल आणि ए-फोर कागद दुमडून केलेली वही पुरे. मैत्रिणीने तिचा नेम काढायचा, काड्यांची माणसं चालतील. तू त्यावरून तुझा. मग तो कॉमिक्स न वाचणाऱ्या कोणाला तरी द्या, शेजारच्या काकू किंवा धाकटा भाऊ, आणि काही न बोलता बघत बसा. बोट कुठे अडतं, कुठलं पान उलटून परत मागे येतं, त्या जागी खूण करा. मी अजूनही आमच्या सोसायटीच्या वॉचमनला दाखवते. तो फार कडक आहे. एकदा म्हणाला, “मॅडम, हा माणूस आत आला कधी?” मी बघितलं तर खरंच, दार उघडायची चौकटच राहिली होती.

मालिका मी तुला दिली असती, पण माझ्याकडे पहिला, दुसरा आणि थेट सातवा खंड आहे. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार एका विद्यार्थ्याने आठवड्यासाठी नेले होते. त्याला आता स्वतःचा मुलगा आहे.